रेकॉर्डवर नसलेली मधली

तिच्याच गाण्यातून तिला काढून टाकण्यात आले, आणि गाणे छान झाले आहे असे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले. यांतली पहिली गोष्ट जास्त अपमानाची की दुसरी, हे तिने अजून ठरवलेले नाही. तिला ओळखणाऱ्यांना वाटते की एवढ्या क्षुल्लक बाबीवर इतके दिवस चिडून राहणे शहाण्या माणसाला शोभत नाही. पुढचे सगळे वाचल्यावर ही बाब क्षुल्लक वाटेल की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

घरात तिला मधली म्हणतात. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण यांच्यामध्ये जन्मली म्हणून हे नाव पडले. पुढे गाण्यातही मधला आवाज तिच्याच वाट्याला आला, त्यामुळे नाव बदलण्याची वेळ आली नाही. पोटापाण्यासाठी ती कवळ्या तयार करते. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून साचे होतात, साच्यांवर मेणात एकेक दात बसवला जातो, आणि शेवटी पॉलिशच्या चाकाखालून गुलाबी, खोटी, निरोगी हिरडी बाहेर पडते. त्या खोलीत पंख्याच्या पात्यांवरसुद्धा पांढरा भुगा बसलेला असतो. कवळी ज्याच्या तोंडात जाईल त्याला तिचे नाव कळत नाही, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नाही. मात्र एखादा दात अवघड जातो म्हणून शेजारचाच दात तिथे दुसऱ्यांदा बसवून द्यावा, असे त्या खोलीत कधी कुणाच्या मनात आलेले नाही.

गाण्याचे वेड वडिलांचे. त्यांचे दोन खुर्च्यांचे सलून होते, अजूनही आहे, फक्त आता एकाच खुर्चीवर गिऱ्हाईक बसते आणि दुसरीवर ते स्वतः. आरशाखालच्या फळीवर रेकॉर्डप्लेअर असे आणि त्यावर जुन्या काळच्या चौकडींची गाणी लागत. चार गळे, एक मायक्रोफोन, वाद्ये जवळजवळ नाहीत, आणि तरी एखादा दिवाणखाना दिव्यांनी उजळावा तसा भरून येणारा आवाज. वडिलांनी पोरांना गाणे शिकवले नाही. त्यांना ते येतही नव्हते. त्यांनी ऐकायला शिकवले. फेस लावता लावता ते विचारत, "आत्ता खालचा कुठे गेला?" आणि पोरांनी बोट वर किंवा खाली करून दाखवायचे. गालाला साबण लागलेली गिऱ्हाइकेही या खेळात सामील होत आणि चुकत. त्यांच्यातल्याच कुणीतरी या पोरांना चांडाळचौकडी म्हटले. ती मुळात तीनच होती. थोरल्याच्या लग्नानंतर वहिनी आली, तिला आवाज निघाला, आणि चौकडी खरोखरीची झाली. पुढे बँड झाला तेव्हाही नाव तेच राहिले, आधीचे विशेषण तेवढे गाळले.

या चौघांची विभागणी थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा अन्याय तिच्यावर उभा आहे. धाकटी सगळ्यांत वरचा आवाज गाते. लोक घरी जाताना जी चाल गुणगुणतात ती तिची. वहिनी तिच्या किंचित खालून, तिच्याच वाटेने चालते. दादा लिफ्टदुरुस्तीचे काम करतो आणि त्याचा आवाजही शाफ्टच्या तळातून आल्यासारखा आहे. गाण्याची जमीन तो. उरलेला आवाज मधलीचा. तिची ओळ फारशी हलत नाही. बाकीचे उड्या मारतात तेव्हा ती एकाच सुरावर थांबते, आणि सगळे थांबतात तेव्हा अर्ध्या पावलाने सरकते. त्या सरकण्याने गाणे एकदम उदास होते किंवा एकदम हसते. पण हे कुणी केले ते ऐकणाऱ्याला कळत नाही. तिची ओळ एकटीच म्हटली तर गाण्यासारखी वाटतच नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी किल्ल्या शोधत पुटपुटते आहे असे वाटते.

गाणी त्यांची स्वतःची होती. दादा कामावरून डोक्यात चाल घेऊन यायचा, धाकटी शब्द जोडायची, आणि सलूनचे शटर अर्धे ओढून चौघे एका मायक्रोफोनभोवती उभे राहायचे. कुणाचा आवाज वर आला तर त्याने एक पाऊल मागे जायचे, दबला तर पुढे यायचे. तोल असा पायांनी साधला जाई. कुठल्या कंपनीचा आधार नव्हता, कुणाचा हातही डोक्यावर नव्हता. वाचनालये, वृद्धाश्रम, शाळांची संमेलने, एकदा फर्निचरच्या दुकानाचे उद्घाटन, असे त्यांचे कार्यक्रम होत. "तिसरा मजला" या त्यांच्या गाण्यात एक जोडपे बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकते आणि दुरुस्तीवाला येऊच नये अशी प्रार्थना करते. दुरुस्तीवाल्यानेच रचलेले म्हणून त्या गाण्याला हमखास हशा मिळे आणि मग शेवटच्या कडव्यात सगळे गप्प होत. हेच गाणे रेकॉर्ड करायचे ठरले.

स्टुडिओवाला सज्जन होता. हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण या प्रकरणात कुणी दुष्ट असता तर संतापाला निदान एक पत्ता मिळाला असता. तो मृदू बोलत असे, सगळ्यांना पाणी विचारत असे. त्याने गाणे ऐकले होते, त्याला ते मनापासून आवडले होते, आणि त्याची फक्त एक अट होती: प्रत्येकाने काचेपलीकडच्या छोट्या खोलीत एकट्याने, हेडफोन लावून गायचे.

"एकत्र का नाही?" मधलीने विचारले.

"एकत्र गायलात तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये जातो. मग मला काही दुरुस्त करता येत नाही."

"दुरुस्त करण्यासारखं झालं तर आम्ही परत गाऊ की."

तो हसला. दादाने तिच्या कोपराला हात लावला, म्हणजे पुढे बोलू नकोस.

धाकटीचे चांगले झाले, वहिनीचे झाले, दादाचेही निभावले. मधली आत गेली आणि तिला गाता आले नाही. हेही लपवण्याचे कारण नाही. ती स्वतः लपवत नाही. तिचा सूर आजवर कधी एकटा उभा राहिलेला नव्हता. तो वहिनीच्या खांद्याच्या उंचीवरून आणि दादाच्या छातीतल्या घरघरीवरून ठरत असे. माणसे जवळ उभी असली की तो आपोआप सापडे. हेडफोनमधून आलेल्या आवाजांना ना खांदे होते ना छाती. ती धाकटीच्या चालीकडे ओढली जाऊ लागली, मग सावरताना जास्तच खाली गेली. काचेपलीकडून स्टुडिओवाल्याने अंगठा वर केला आणि म्हणाला, "झालं, काही काळजी करू नका, बाकीचं माझ्याकडे लागलं."

बाकीचे त्याने असे केले की धाकटीचा आवाज घेतला, यंत्रात घालून खाली उतरवला, मधलीच्या ओळीवर बसवला, आणि मधलीचा आवाज पुसून टाकला. दादाला त्याने फोन करून सांगितले. दादा म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." घरी येऊन तो हे कुणाला बोलला नाही.

गाणे निघाले. मुखपृष्ठावर चौघांचा सलूनमधला फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत छापले होते: चार आवाज, एक मायक्रोफोन. या चार शब्दांत एकही खरी गोष्ट उरलेली नव्हती.

तिने ते पहिल्यांदा ऐकले ते कामावर, मेणाचा चाकू दिव्यावर तापत असताना. पहिल्याच ओळीत तिला कळले. काही चुकले असते तर कळायला वेळ लागला असता. काहीच चुकत नव्हते. तिच्या जागी एक नितळ, थंड, तिच्याच बहिणीसारखा कसलातरी पदार्थ भरला होता. तिने ते गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि हातातली कवळी पूर्ण केली. घरी गेल्यावर ती काही बोलली नाही, कारण तिला बघायचे होते की कुणी बोलते का.

कुणी बोलले नाही. शेजारणीने मिठाई मागितली. दंतवैद्याकडच्या बाईने अभिनंदनाचा निरोप पाठवला. वडिलांनी कानाच्या मागे तळहात धरून गाणे दोनदा ऐकले आणि म्हणाले, "फार छान जमलंय. चौघंही अगदी एका जिवाची वाटता."

इथे थोडे थांबायला हवे. एखाद्या कामाची परिपूर्णता जर त्याच्या न जाणवण्यातच असेल, तर ते काम काढून घेणाऱ्याला चोरी पचवणे किती सोपे जाते, याचा विचार आपण सहसा करत नाही. लक्षात न येणे हा ज्यांच्या कामाचा गुण असतो, त्यांच्याविरुद्ध तोच गुण पुरावा म्हणून वापरला जातो. तू नव्हतीस, तरी काही अडले का? काही अडले नाही, हे खरे. पण "अडले नाही" आणि "होतीस" या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मुखपृष्ठावर दुसरी छापलेली होती.

अखेर तिनेच दादाला विचारले. तो सलूनच्या मागच्या मोरीत हातांचे ग्रीस धूत होता.

"गाण्यात मी नाहीये."

दादाने नळ बंद केला नाही. "आहेस की. फोटोत तूच तर पुढे आहेस."

"दादा."

"अगं, तुझं जरा हललं होतं त्या दिवशी. त्याने थोडं जुळवून घेतलं, बस."

"जुळवून घेतलं की काढून टाकलं?"

"तारीख जवळ आली होती. तुला सांगितलं असतं तर तू तिथे जाऊन भांडली असतीस."

"म्हणजे मी भांडेन हे तुला माहीत होतं. म्हणजे भांडण्यासारखं आहे हेही माहीत होतं."

 दादा परत साबण लावू लागला. हात आधीच स्वच्छ झाले होते.

धाकटीला तर काहीच माहीत नव्हते. तिला सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. "ताई, शप्पथ, मी तुझी ओळ गायले नाही. मला येतसुद्धा नाही ती." मग थोड्या वेळाने, अधिकच घाबरून, "म्हणजे मी न गायलेलं माझ्या आवाजात आहे?" या दुसऱ्या प्रश्नाचा विचार स्टुडिओवाल्याने केला होता असे दिसत नाही. एकीचा आवाज न विचारता काढला होता आणि दुसरीचा न विचारता लावला होता, आणि दोघींनी आभार मानावेत अशी अपेक्षा होती.

मधलीची मागणी तेव्हाही साधी होती. गाणे मागे घ्या, किंवा ते चार शब्द बदला. स्टुडिओवाल्याने मृदू आवाजात सांगितले की गाणे आता बाहेर पडले आहे, लोकांना आवडते आहे, आणि शब्दांकडे कोण बघतो? एवढ्यात एका वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले. थेट प्रक्षेपण होते. पण गायचे नव्हते, रेकॉर्ड वाजणार होती आणि त्यावर ओठ हलवायचे होते.

"मी नाही येणार," मधली म्हणाली. "जे मी गायलेच नाही त्याच्यावर तोंड कशाला वाजवू?"

"तिघंच गेलो तर लोक विचारतील," वहिनी म्हणाली.

"विचारू देत की."

"एवढं एकदा ये," दादा म्हणाला. तो कधी विनवणी करत नाही. ती गेली.

तिथे जे घडले ते या चौघांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून घडले नसते. "तिसरा मजला" वाद्यांशिवाय, एकदम चार आवाजांनी सुरू होते. अशा गाण्याची सुरुवात कुणालातरी इशाऱ्याने करून द्यावी लागते, आणि या घरात तो इशारा म्हणजे मधलीचा श्वास. ती खांदे उचलून श्वास घेते आणि तो सोडताना चौघांची तोंडे उघडतात. हे त्यांनी कधी ठरवलेले नव्हते. ते अंगात मुरलेले होते, आणि म्हणूनच स्टुडिओत एकेकटे गाताना कुणाच्या ध्यानात आले नव्हते. वाहिनीच्या झगमगाटात तिघे सवयीने तिच्याकडे बघत उभे राहिले. तिला गायचे नव्हते. तिने श्वास घेतला नाही. गाणे सुरू झाले.

पहिली ओळ चार मिटलेल्या तोंडांवरून निघून गेली. दुसऱ्या ओळीत दादा भानावर आला आणि त्याने घाईने तोंड उघडले; पण ती ओळ एकट्या धाकटीची होती, त्यामुळे दाराएवढ्या रुंद लिफ्टमेकॅनिकच्या मुखातून एका कोवळ्या मुलीचा आवाज बाहेर पडला. सूत्रसंचालिकेने हसू दाबण्यासाठी कागद तोंडासमोर धरला. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत शहरभर फिरत होती, आणि गंमत अशी की या सगळ्या लबाडीत जिचा एक कणही हिस्सा नव्हता, तिचेच नाव बिंग फोडणारी म्हणून घेतले जाऊ लागले.

सलूनमध्ये बैठक बसली. वडील त्यांच्या खुर्चीत, स्टुडिओवाला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, बाकीचे उभे.

"एवढ्या लोकांसमोर शोभा केलीस," वहिनी म्हणाली.

"शोभा आधीच झाली होती, वहिनी. तुम्हाला ती आज दिसली."

"मुद्दाम केलंस ना?"

"मुद्दाम काहीच केलं नाही. नुसती उभी होते. तेवढंच काम होतं ना मला?"

स्टुडिओवाल्याने घसा साफ केला. झाले ते झाले, उलट चित्रफितीमुळे गाणे जास्त ऐकले जाते आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या कार्यक्रमाला ताईंची इच्छा नसेल तर त्यांनी येऊ नये. "माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. दिसायला बरी आहे. नुसतं उभंच तर राहायचंय."

कुणी काही बोलले नाही, आणि ते न बोलणे मधलीने नीट मोजून घेतले. दादा आरशात बघत होता. वहिनी नखे बघत होती. धाकटी रडण्याच्या बेतात होती, पण रडणे हे बोलणे नव्हे.

बोलले वडील. "तिची जागा कशी घेणार ती?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात छान जमलंय," मधली त्यांच्याकडे वळली. "तुम्ही दोनदा ऐकलंत."

म्हाताऱ्याने बराच वेळ खुर्चीचा हात चोळला. "तुझा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये, असं मीच सांगत आलो. तू तसंच गात आलीस. आता तू नव्हतीस तर मला कशावरून कळावं?"

"बरोबर आहे तुमचं. पण माझा राग जात नाही."

"जाऊ देऊ नकोस," वडील म्हणाले, आणि स्टुडिओवाल्याला म्हणाले, "तुम्ही उठा आता तिथून, दाढी करायची नसेल तर."

तो गेल्यावर मधलीने अट घातली. नवे रेकॉर्डिंग नको; पुन्हा काचेच्या खोलीत ती जाणार नव्हती आणि सज्जन माणसाला दुसरी पद्धत येत नव्हती. मुखपृष्ठावरचे शब्द बदलायला त्याने नकार दिलाच होता. गाणे जिथे तिथे वाजत राहणार, दुकानांत, रिक्षांत, दंतवैद्यांच्या बाकड्यांपुढेही. म्हणून ती एवढेच म्हणाली की यापुढे चौकडी जिथे गाईल तिथे, गाण्याआधी, दादाने सांगायचे की त्या रेकॉर्डमध्ये मधलीचा आवाज नाही, आणि तो का नाही.

"दरवेळी?" दादाने विचारले.

"ती रेकॉर्ड दरवेळी वाजते ना?"

"लोकांना काय करायचंय त्याच्याशी?"

"लोकांना नसेल करायचं. मला आहे. सांगणार असशील तर मी गाते. नाहीतर त्या दिसायला बरीला बोलाव."

दादाला भाषणाची धास्ती आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देतानाही त्याचे दोन शब्दांवर भागते. तरी पुढच्या कार्यक्रमात, वाचनालयाच्या सभागृहात, पुस्तकांची कपाटे सरकवून केलेल्या जागेत, तो मायक्रोफोनपाशी गेला आणि त्याचा दांडा धरून बोलला.

"नमस्कार. ते तिसरा मजला गाणं तुम्ही ऐकलं असेल. त्यात चार आवाज लिहिलंय. तीनच आहेत. ही माझी बहीण, ही त्यात नाही. हिचा आवाज काढून टाकला. मला विचारलं होतं, मी हो म्हणालो. हिला विचारलं नव्हतं." तो थांबला. श्रोत्यांना वाटले की हा गाण्याआधीचा विनोद आहे. चित्रफीत पाहिलेले काही जण मोकळेपणी हसले. दादाने त्यांच्याकडे असहायपणे पाहिले आणि घाईने संपवले, "माझी जरा चूकच झाली ती."

मग तो मागे आला, चौघे मायक्रोफोनभोवती उभे राहिले, आणि गायले. गाणे चांगले झाले. पण त्यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की सगळे सुरळीत झाले. तिच्या चांगल्या गाण्याने आधीचा अन्याय भरून निघतो, ही समजूत ज्यांना सोयीची आहे त्यांची आहे.

परतताना दादाच्या व्हॅनमध्ये मागे केबलांची भेंडोळी आणि हत्यारांची पेटी होती, पुढे ते दोघेच.  दादा अभिप्रायाची वाट बघत होता हे त्याच्या गिअर बदलण्यावरूनही दिसत होते.

"सांगितलं ना मी?" शेवटी तोच म्हणाला.

"सांगितलंस."

"हसले लोक."

"हसू देत."

"मग तोंड का पाडून बसलीयस?"

मधलीने काच खाली केली. "'जरा' म्हणालास," ती म्हणाली. "पुढच्या वेळी 'जरा' म्हणायचं नाही."

दादाने वळण घेतले. "बरं," तो म्हणाला.